स्टुडिओचा कोट

कॅप्टन कधी सैन्यात नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सबंध नोकरी त्याने पाणीपुरवठ्याच्या कचेरीत काढली, अर्ज घ्यायच्या खिडकीमागे, आणि तिथेही कुणाचा अर्ज पहिल्या खेपेत घेतल्याचं कुणाला आठवत नाही. पण त्याचा बाप लढाईवर गेला होता. बापाकडून याने एकच गोष्ट उचलली, ती म्हणजे छाती पुढे काढून चालणं. लोक त्याला आधी चेष्टेने कॅप्टन म्हणायचे, मग सवयीने म्हणू लागले. त्याला मात्र पहिल्या दिवसापासून ते खरंच वाटत आलं.

तर हा कॅप्टन सोमवारी सकाळी फोटोवालीच्या स्टुडिओत शिरला आणि पुठ्ठ्याचा एक खोका त्याने तिच्या टेबलावर आपटला. टेबलावर तिचा चहा होता, तो सांडला. त्याने ते पाहिलं आणि खोका तेवढा कोरड्या बाजूला सरकवला.

"एकतीस आहेत," तो म्हणाला. "मोजून घे. रविवारी सकाळी दहाला भिंतीवर पाहिजेत."

भिंत वाचनालयातल्या मोठ्या खोलीची. लढाईवर गेलेल्या आपल्या माणसांचे जुने फोटो घराघरांतून गोळा करायचे, ते साफ करून मोठे करायचे, एकसारख्या फ्रेमा घालून लावायचे, असं ठरलं होतं. कल्पना चांगली होती, त्यात काही खोट नव्हती. फक्त ती कॅप्टनच्या हातात पडली होती.

"एकही डाग दिसता कामा नये," कॅप्टन म्हणाला. "चेहरे लख्ख पाहिजेत, कपडे लख्ख पाहिजेत. आपली मोठी माणसं आहेत ती."

"माझ्याकडचा धरून बत्तीस होतील," फोटोवाली म्हणाली आणि तिने खणातून एक फोटो काढून त्याच्यापुढे धरला.

फोटो तिच्या दादाचा होता. दादा तिच्याहून अठरा वर्षांनी मोठा. तो लढाईवरून लंगडत परत आला तेव्हा ही चार वर्षांची होती. फोटोत तो याच स्टुडिओत उभा होता. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात उजेड परतवायचा मोठा पत्रा, आणि फोटो आपला निघतोय हे उशिरा लक्षात आल्यासारखं अर्धवट हसू. त्याला जाऊन वीस वर्षं झाली होती आणि त्याचा एकट्याचा असा तेवढा एकच फोटो होता.

कॅप्टनने फोटो हातातसुद्धा घेतला नाही. "गणवेश कुठाय?"

"नाहीये."

"मग नाही चालणार. समितीचा नियम आहे, गणवेशातलाच फोटो."

"समितीत कोण कोण आहे?"

"मी आणि ग्रंथपाल बाई."

"आणि बाईंचं काय म्हणणं आहे?"

"त्यांना अजून विचारलेलं नाही." कॅप्टन जायला वळला, पण गप्प जाईल तर तो कॅप्टन कसला. दारात थांबून म्हणाला, "आणि खरं बोलू का? तुझा भाऊ लढला कुठे? जखमींना उचलून मागे आणायचा. ओझी वाहायचा. त्याला हमाली म्हणतात. चांगलं काम आहे, मी वाईट म्हणत नाही, पण ही भिंत सैनिकांची आहे."

दोघं एकाच गल्लीत वाढलेली होती, त्यामुळे अहो-जाहोची भानगड त्यांच्यात कधीच नव्हती. फोटोवालीच्या तोंडाला फटकळ म्हणून अख्खी गल्ली वचकून असायची. पण त्या वेळी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तोंड मात्र मिटलेलं राहिलं. शब्द सुचत नव्हते असं नाही. एकच वाक्य तिच्या जिभेवर होतं, आणि ते बाहेर पडलं असतं तर कॅप्टनची छाती तिथल्या तिथे आत गेली असती. ते तिने गिळलं. कॅप्टन गेल्यावर तिने टेबल पुसलं आणि ज्या फडक्याने पुसलं ते भिंतीवर फेकून मारलं.

ते वाक्य असं होतं: तुझ्या बापाच्या अंगात आहे तो स्टुडिओचा कोट आहे.

लढाई संपली तेव्हा सगळ्यांचे गणवेश जमा करून त्यांना साध्या कपड्यांत घरी पाठवलं होतं. घरी आल्यावर बायका-आया मागे लागल्या, एक फोटो काढून घे म्हणून. आणि फोटो काढायचा तर गणवेश पाहिजे, नाहीतर शेजारचा किराणावाला आणि हा यांत फरक काय दिसणार? फोटोवालीच्या वडिलांच्या स्टुडिओत खिळ्याला एक सैनिकी कोट टांगलेला असायचा. तो वडील गिऱ्हाइकाला चढवायचे. माणूस हडकुळा असला तर खांद्यांत वर्तमानपत्राचे बोळे, जाडा असला तर बटणं नुसती टेकवायची, आणि सैल झाला तर पाठीत कपडे वाळत घालायचे चिमटे. समोरून बघणाऱ्याला माणूस रुबाबदारच दिसायचा. कोट कुठून आला असं कुणी विचारलं तर वडील सांगत, जुन्या कपड्यांच्या बाजारातून. फोटोवालीलाही त्यांनी तेच सांगितलं होतं.

आणि वडिलांचा एक नियम होता. स्टुडिओत कुणी काय घातलं, कुणाचं पोट कुठे लपवलं, कुणाचा चष्मा कुणाच्या नाकावर चढवला, हे पडद्याबाहेर बोलायचं नाही. फोटोवालीने तो नियम चाळीस वर्षं पाळला होता. फटकळ होती, पण धंद्याशी बेइमान नव्हती.

आता गंमत बघा. एवढी वर्षं हे फोटो आपापल्या घरात होते. कुणी दिवाणखान्यात टांगलेला, कुणी कपाटात कागदाखाली ठेवलेला. एकाचा फोटो दुसऱ्याच्या शेजारी कधी आला नाही, म्हणून कुणाला काही कळलं नाही. कॅप्टन त्यांना पहिल्यांदाच एका भिंतीवर आणत होता. फोटोवालीने खोका उघडून फोटो टेबलावर मांडले आणि कपाळाला हात लावला. एकतीस फोटोंपैकी बारा लढाईवर जाण्याआधीच काढलेले, ज्याच्या त्याच्या गणवेशात; उरलेल्या एकोणीस जणांच्या अंगात तो एकच कोट होता. ओळखायला भिंगही नको. डाव्या खिशाच्या झाकणावर काळ्या दोऱ्याने केलेला एक वेडावाकडा रफू होता, उलट्या सातासारखा, आणि एकोणीसच्या एकोणीस छात्यांवर तो जिथल्या तिथे होता.

तिने विचार केला, हे असंच लावलं तर दहा मिनिटांत कुणीतरी म्हणेल, अरे, हे काय? मग त्या एकोणीस घरांची शोभा. कॅप्टनची झाली असती तर तिला आनंदच होता, पण बाकीच्या अठरांनी तिचं काय घोडं मारलं होतं? ते सगळे खरोखर लढाईवर गेले होते. कोट तेवढा त्यांचा नव्हता. म्हणून तिने ठरवलं, रफू पुसून टाकायचा.

मंगळवार-बुधवार ती कॉम्प्युटरसमोर मान मोडून बसली. वडील हे काम बारीक ब्रशने आणि पेन्सिलीने करायचे, ती माउसने करायची, एवढाच फरक. चेहऱ्यावरचे बुरशीचे ठिपके, घड्यांच्या रेघा, आणि प्रत्येक डाव्या खिशावरचा तो उलटा सात. एकेक टाका ती शेजारच्या कापडाने झाकत गेली. बुधवार संपेपर्यंत अठरा झाले. एकोणिसावा कॅप्टनच्या बापाचा. तो तिने मुद्दाम मागे ठेवला, कारण त्या माणसाच्या छातीवरचा डाग काढायला तिचा हातच उठेना.

बुधवारी दुपारी म्हातारे पोस्टमन डोकावून गेले. एकतीसांतले जिवंत असलेले तेवढे तेच. पंचाऐंशीच्या पुढे गेले होते आणि अजून प्रत्येक दारावर टपाल आणल्यासारखी दोनदा टकटक करायचे.

"मला जरा तरुण ठेव," ते म्हणाले.

"काका, तुम्ही फोटोत तेवीस वर्षांचे आहात. आणखी किती तरुण ठेवू?"

"मान बारीक दिसते गं. कोटाची कॉलर मोठी होती. तुझ्या दादाने मागून धरली होती, मला आठवतंय. बटणंसुद्धा त्यानेच लावली. म्हणाला, उजवी बाही आधी घाल, डाव्या बाहीचं अस्तर फाटलंय."

"काका, हे बाहेर बोलायचं नसतं."

"मी कुठे बाहेर बोलतोय? मी तुझ्याशी बोलतोय," पोस्टमन म्हणाले आणि निघून गेले.

गुरुवारी सकाळी फोटोवालीने एक अवघड गोष्ट केली. ती वहिनीकडे गेली. कॅप्टनला नियम पाहिजे होता ना, मग दादाचा गणवेशातला फोटो कुठेतरी असलाच तर तो वहिनीकडे असणार. आणि वहिनीकडे जाणं म्हणजे काय ते तिचं तिलाच माहीत. दादा गेल्यानंतर महिन्याभरात वहिनी एकदा स्टुडिओत आली होती, दोन वाक्यं बोलून तरातरा निघून गेली होती, आणि तेव्हापासून वीस वर्षं त्या पायरीला तिने पाय लावला नव्हता. का, ते फोटोवालीला नीट कळलं नव्हतं. आपण विचारायचं कशाला, तिला बोलायचं असेल तर बोलेल, असं म्हणून हीसुद्धा ताठ्यात राहिली होती.

वहिनी शिवणकाम करायची. छाटायचं, वाढवायचं, रफू करायचा. तिने केलेला रफू शोधून दाखवा अशी लोक पैज लावायचे. ऐंशी वर्षांची झाली तरी यंत्राला तेल ती स्वतः घालायची. दोन खोल्या, एकीत यंत्र आणि चिंध्यांची टोपली, दुसरीत पलंग.

"कोण, वन्सं का?" वहिनीने मान वर केली नाही. वन्सं हा शब्द ती फक्त रागात वापरायची. "कोण मेलं?"

"कुणी मेलं नाही."

"मग कशाला आलीस?"

बसायला कुणी सांगितलं नव्हतं, फोटोवाली आपणच बसली. भिंतीचं सांगितलं, नियमाचं सांगितलं, कॅप्टन हमाल म्हणाला तेही सांगितलं. वहिनीचे हात यंत्राच्या चाकावर थांबले.

"असं म्हणाला?"

"असंच म्हणाला. तर त्याचा गणवेशातला एखादा फोटो..."

"नाही. त्याने काढूच दिला नाही. तुझा बाप मागे लागला होता. तो म्हणाला, एकदा अंगातून काढला तो काढला." वहिनीने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "त्याचा फोटो तुमच्याकडे एकच आणि त्यातही तो तुमचा पत्रा धरून उभा. आयुष्यभर राबवून घेतलात आणि आता माझ्या दारात आलीस फोटो मागायला. लाज वाटायला पाहिजे."

"मी कुठे राबवलं? मी तेव्हा शाळेत होते."

"मोठी झालीस तेव्हा कुठे विचारलंस?" वहिनीने हात पुढे केला. "त्या पिशवीत काय आहे? बघू कोणकोणते शूर निवडलेत ते."

पिशवीत फ्रेमवाल्याला माप द्यायला घेतलेले फोटो होते. सगळ्यात वर कॅप्टनचा बाप, अजून साफ न केलेला. वहिनीने तो उजेडात धरला आणि तिचं तोंड बघता बघता बदललं. तिने सुईत दोरा ओवायचं भिंग उचललं, फोटोवर टेकवलं आणि खिशावर सरकवत नेलं.

"हा टाका माझा आहे," ती म्हणाली.

"कुठला?"

"खिशावरचा. तुझा दादा चार दिवसांच्या सुट्टीवर आला होता. जायच्या दिवशी, निघता निघता, दाराच्या कडीत खिसा अडकला आणि टरकन फाटला. घरात त्या रंगाचा दोरा नव्हता, काळाच होता. गाडीची वेळ झालेली, तो दारात उभा, कोट अंगातच, आणि मी त्याच्या छातीशी वाकून टाके घालतेय. हात थरथरत होते माझे. वाकडा पडला. मी म्हटलं थांब, उसवते, परत घालते. तो म्हणाला, राहू दे, कोण बघतंय." वहिनीने भिंग खाली ठेवलं. "जन्मात तेवढा एक रफू वाकडा घातलाय मी. मी ओळखणार नाही तर कोण?"

"पण तो कोट तर स्टुडिओचा होता. बाबा म्हणायचे, बाजारातून..."

"बाजारातून तुझं डोकं आणलंय. त्याला इस्पितळातून थेट घरी पाठवला, अंगावरच्या कपड्यांत. कोट परत मागायला कुणी आलं नाही. त्याने तो तुमच्या खिळ्याला टांगला, म्हणाला, घरी नको. मग ही पोरं यायला लागली, कोट नाही म्हणून तोंड पाडून बसायची. त्यानेच तुझ्या बापाला सांगितलं, घाला यांच्या अंगात. पण माझा आहे म्हणून सांगू नका. दुसऱ्याचा म्हटलं की माणूस अवघडतो, स्टुडिओचा म्हटलं की खुर्चीत बसल्यासारखा बसतो."

फोटोवालीला पोस्टमन आठवले. उजवी बाही आधी घाल. म्हणजे प्रत्येकाला कोट दादा स्वतः चढवत होता, बटणं लावत होता, आणि मग बाजूला जाऊन पत्रा धरून त्याच्या तोंडावर उजेड पाडत होता.

"मी बोलले नाही," वहिनी म्हणाली. "म्हटलं, वापरात आहे तर जपला तरी जाईल. तो गेल्यावर मागायला आले. तू काय म्हणालीस, आठवतंय?"

आता आठवलं. वहिनी दारात उभी होती, म्हणाली होती, त्याचा कोट दे. आणि आपण, गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना, तिच्याकडे धड न बघता म्हणालो होतो, दादाचा कसला कोट? स्टुडिओचा होता एक, कसर लागली, फाडला. फाडला म्हणजे काय केलं होतं तेही आठवलं. हातभर चौकोन कापले होते आणि दोन वर्षं त्यांनी फ्रेमांच्या काचा पुसल्या होत्या.

"मला माहीत नव्हतं, वहिनी."

"विचारलंही नाहीस."

स्वतःची इतकी शरम फोटोवालीला उभ्या जन्मात वाटली नव्हती. वहिनी भांडली असती तर बरं, असं तिला वाटलं, निदान ओरडता तरी आलं असतं. तेवढ्यात वहिनीने पिशवीतला दुसरा फोटो काढला, साफ केलेला, आणि खिशावर बोट ठेवलं. खिसा गुळगुळीत होता.

"इथला कुठे गेला?"

"मी काढला."

वहिनीने तिसरा बघितला, चौथा बघितला. मग सगळे नीट एकावर एक ठेवून पिशवी तिच्याकडे ढकलली.

"म्हणजे दुसऱ्यांदा," ती म्हणाली. "जा आता. मला कामं आहेत."

फोटोवाली तिथून तडक स्टुडिओत आली. मूळ फोटो खोक्यात होते, ते सुदैवच. शुक्रवार आणि शनिवार तिने अठराच्या अठरा पुन्हा केले. बुरशी काढली, घड्या काढल्या, रफूला हात लावला नाही. उलट प्रत्येक ठिकाणी तो टाका न् टाका दिसेल इतका स्पष्ट केला. वडिलांचा नियम तिला आठवत होता. नियम सांगायचा नाही असा होता, पुसायचं असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. ते तिने आपल्याच अकलेने केलं होतं.

रविवारी सकाळी साडेआठपासून ती आणि ग्रंथपाल बाई खिळे ठोकत होत्या. ते एकोणीस तिने मधल्या रांगेत लावले, डोळ्यांच्या उंचीला, एकाशेजारी एक. दादाचा फोटो फ्रेम करून आणला होता, तो टेबलावर पालथा ठेवला.

साडेनऊला कॅप्टन आला. छाती पुढे, हात मागे. वरची रांग बघून मान डोलावली. मग मधल्या रांगेत बापासमोर थांबला आणि नाक काचेला लागेल इतका वाकला.

"हे काय? हा डाग तसाच ठेवलास."

"डाग नाही, रफू आहे."

"काढायला सांगितलं होतं ना?"

"शेजारच्या फोटोत बघ," फोटोवाली म्हणाली.

त्याने शेजारी पाहिलं. मग त्याच्या शेजारी. मग त्याने अख्खी रांग पायाखाली घातली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत येईस्तोवर त्याची छाती बरीच आत गेली होती.

"म्हणजे काय हे?"

"म्हणजे कोट एकच आहे."

"कुणाचा?"

"हमालाचा," फोटोवाली म्हणाली.

हे सांगताना तिला वाटलं होतं त्याच्या अर्धाही आनंद झाला नाही. कॅप्टनचं तोंड पांढरं पडलं होतं आणि ते बघवत नव्हतं. पण तो कॅप्टन होता, दुसऱ्याच मिनिटाला सावरला.

"खाली काढ हे सगळे. आत्ताच्या आत्ता."

"बाहेर जिन्यावर एकोणीस घरची माणसं उभी आहेत. तू सांग त्यांना."

"माझा बाप लढलाय."

"लढलाय. कोण नाही म्हणतंय? सगळेच लढलेत. त्यांच्याकडे कोट नव्हता म्हणून दादाने दिला, एवढंच. तुझा नियम लावला तर या भिंतीवर बारा फोटो उरतात, आणि त्यात तुझा बाप नाही."

"तू हे बोलत सुटणार आहेस?"

"मी कुणाला काही बोलणार नाही. तुझ्या बापाचा फोटो म्हणून तुला सांगितलं. बाकी ज्याला डोळे आहेत तो बघेल."

तेवढ्यात दारं उघडली आणि माणसं आत आली. जो तो आपल्या माणसापुढे जाऊन उभा राहिला, मुलांना उचलून दाखवू लागला. कुणी शेजारी बघत नव्हतं. आपला सोडून दुसऱ्याचा फोटो कोण बघतो? थोड्या वेळाने काठी टेकत वहिनी आली. फोटोवालीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. सरळ मधल्या रांगेच्या टोकाला गेली आणि पहिल्या फोटोतल्या खिशावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यातल्या. मग तिसऱ्यातल्या. माणसं बाजूला सरून तिला वाट देत होती, आणि जिथे जिथे तिचं बोट टेकत होतं तिथे तिथे बघत होती. खोलीतली कुजबूज वाढली, आणि मग हळूहळू बंद झाली.

"काचेला हात लावू नका," कॅप्टन म्हणाला. वहिनी तोवर त्याच्या बापापर्यंत पोचली होती.

"का नाही लावायचा? काम माझं आहे."

पोस्टमन आपल्या फोटोसमोर उभे होते. ते वळले. "काय म्हणालीस? कुणाचं काम?"

"रफू माझा आहे. कोट माझ्या नवऱ्याचा होता."

"त्याचा होता होय," पोस्टमन म्हणाले. त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून ते मोठ्याने बोलायचे, आणि त्या शांत खोलीत ते सगळ्यांना ऐकू गेलं. "मला म्हणाला, स्टुडिओचा आहे, आरामात बस. बटणं लावून दिली माझी. शेवटचं बटण लावून झालं आणि खिशावरून असा हात फिरवला त्याने. मला वाटलं, धूळ झटकतोय."

वहिनीने काठी या हातातून त्या हातात घेतली. फोटोवालीने टेबलावरची फ्रेम उचलली आणि कॅप्टनपुढे धरली.

"हा बत्तिसावा."

सगळे कॅप्टनकडे बघत होते. त्याने फोटोकडे पाहिलं, दुमडलेल्या बाह्यांकडे, पत्र्याकडे. "गणवेश नाही," तो म्हणाला, पण आवाज पार खोल गेला होता.

"गणवेश तुझ्या बापाच्या अंगात आहे," वहिनी म्हणाली. "काढून दे, म्हणजे हा घालेल."

कुणी हसलं नाही. ग्रंथपाल बाई पुढे झाल्या. "समितीत मीसुद्धा आहे असं ऐकते," त्या म्हणाल्या. "मला अजून कुणी काही विचारलेलं नाही, पण माझं हो आहे." आणि हातोडी आणि एक खिळा त्यांनी कॅप्टनच्या हातात दिला.

कॅप्टन हातोडी घेऊन भिंतीकडे वळला. मग मधल्या रांगेच्या शेवटी, जिथे एका फ्रेमपुरती जागा उरली होती, तिथे त्याने खिळा टेकवला आणि ठोकायला लागला. हातात हातोडी धरायची त्याला कधी सवय नव्हती. तिसऱ्या घावाला खिळा वाकला. त्याने तो उपटायला हातोडी उलटी केली.

"वाकडा गेला," तो म्हणाला. "थांबा, काढून परत मारतो."

"राहू दे," वहिनी म्हणाली. "कोण बघतंय."

अख्खी खोली बघत होती.